व्हरांड्यात उभा केलेला मुलगा आणि डी.एड.ला पाठ केलेला वर्तनवाद

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात, द्विशिक्षकी शाळेवर नुकत्याच रुजू झालेल्या एका शिक्षिकेने विचारलं आहे: "माझ्याकडे दुसरी-तिसरीचा जोडवर्ग आहे. तिसरीतला एक मुलगा गणिताची वही काढायला सांगितली की शेजाऱ्याची पेन्सिल ओढतो, चिमटे काढतो. रागावून ऐकत नाही म्हणून त्याला व्हरांड्यात उभं करते. मग सगळ्या वर्गासाठी चॉकलेट सुरू केलं. पहिला आठवडा छान गेला. आता मुलं 'मॅडम, आज किती चॉकलेट?' असं विचारल्याशिवाय वही उघडत नाहीत. डी.एड.ला पावलॉव्हचा कुत्रा आणि स्किनरचा उंदीर पाठ केला होता. वर्गात त्याचा खरंच काही उपयोग होतो, की ते टीईटीच्या परीक्षेपुरतंच?"

मॅडम, उपयोग होतो. मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांवर काढली, त्यातली शेवटची सहा केंद्रप्रमुख म्हणून. अडलेल्या वेळी पावलॉव्ह-स्किनरचा हा वर्तनवाद मला जितका कामी आला तितकी दुसरी कोणतीही उपपत्ती आली नाही. मात्र तो बक्षिसाच्या रूपाने कामी आला नाही. एखादी गोष्ट घडण्याच्या लगेच आधी काय झालं आणि लगेच नंतर काय झालं, हे बघायची सवय त्याने मला लावली. तुमच्या प्रश्नातही मला चॉकलेटपेक्षा व्हरांडा महत्त्वाचा वाटला, म्हणून आधी तिथेच थांबतो.

त्या मुलाच्या जागेवर जरा बसून बघा. फळ्यावर बावन्न वजा सत्तावीस आहे. दोनातून सात जात नाहीत, पुढे काय करायचं ते त्याला कळत नाही, आणि कळत नाही हे शेजारच्याला दिसणार आहे. तो चिमटा काढतो. शेजारचा ओरडतो. तुम्ही येता आणि म्हणता, "जा, बाहेर उभा राहा." बाहेर काय आहे? कडुलिंबाची सावली आहे, रस्त्याने जाणारी बंडी आहे, हापशीवर भांडी घासणाऱ्या बाया आहेत. आणि बाहेर वजाबाकी नाही. तुम्ही दिली ती शिक्षा होती. त्याच्यापर्यंत पोचली ती सुटका.

एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १८९८ मध्ये मांजरांवर केलेले प्रयोग तुम्ही 'प्रयत्न-प्रमाद' या नावाने वाचले असतील. भुकेलं मांजर पेटीत, बाहेर मासळीचा तुकडा. मांजर ओरबाडतं, चावतं, अंग घासतं, आणि कधीतरी दोरीच्या फासात पाय अडकून दार उघडतं. पुन्हा पेटीत ठेवलं की थोडा कमी वेळ लागतो, पुन्हा त्याहून कमी. त्यावरून त्याने परिणामाचा नियम मांडला: ज्या कृतीनंतर समाधान मिळतं ती कृती त्याच परिस्थितीत पुन्हा होण्याची शक्यता वाढते. तुमच्या वर्गात वजाबाकी ही पेटी आहे आणि चिमटा ही दोरी. मुलाने ती ठरवून शोधलेली नाही. हातपाय मारताना सापडली, आणि ओढली की दार उघडतं हे त्याच्या अंगवळणी पडलं.

पुढे बी. एफ. स्किनरने हे काम फार काटेकोर केलं. त्याचं १९३८ चं पुस्तक आणि नंतरचं सगळं काम एका साध्या कसोटीवर उभं आहे: एखादी गोष्ट प्रबलन आहे की नाही हे देणाऱ्याच्या मनावरून ठरत नाही, ती मिळाल्यावर वर्तन वाढलं का, यावरून ठरतं. व्हरांड्यात उभं करायला लागल्यापासून चिमटे वाढले असतील, तर व्हरांडा हे त्याच्यासाठी प्रबलन आहे, तुमचा हेतू काहीही असो. एवढी एक गोष्ट जरी वर्गात नेली, तरी डी.एड.च्या दोन वर्षांचं चीज झालं असं मी म्हणेन.

इथे टीईटीतली एक चूक दुरुस्त करून घेऊ, कारण ती वर्गातही नडते. ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा, असं बरेच उमेदवार धरून चालतात. तसं नाही. प्रबलन धन असो की ऋण, त्याने वर्तन वाढतंच. धन म्हणजे काहीतरी मिळालं, ऋण म्हणजे नकोसं काहीतरी टळलं किंवा थांबलं. मे महिन्यात उन्हाचा चटका बसला की माणूस झाडाखाली सरकतो, चटका थांबतो, आणि उद्या तो आपोआप झाडाखालूनच चालतो. हे ऋण प्रबलन. वाचनाचा तास आला की पोट दुखतं, मॅडम म्हणतात झोप जरा, वाचन टळतं, आणि पुढच्या वाचनाला पोट पुन्हा दुखतं. हेही ऋण प्रबलनच, आणि मूल खोटं बोलतंय असंही नाही. बऱ्याचदा पोट खरंच दुखत असतं. शिक्षेने वर्तन कमी व्हायला हवं. तुमच्याकडे ते कमी झालेलं नाही.

आता तुमचीही बाजू बघू, आणि हे मी दोष देण्यासाठी लिहीत नाही. तो बाहेर गेला की वर्ग शांत होतो. डोक्याचा ताप थांबतो. दोन इयत्ता एकाच खोलीत सांभाळणाऱ्या बाईला ती दहा मिनिटं किती मोलाची असतात ते मला ठाऊक आहे. म्हणजे 'जा बाहेर' म्हणण्याच्या तुमच्या सवयीलाही ऋण प्रबलन मिळतंय. तो तुम्हाला शिकवतोय, तुम्ही त्याला शिकवताय, आणि दोघांचंही शिक्षण रोज पक्कं होतंय.

मग करायचं काय? पहिले आठ-दहा दिवस काहीही बदलू नका, फक्त लिहा. शंभर पानी वहीचं एक पान घ्या आणि तीन रकाने आखा: आधी काय झालं, त्याने काय केलं, लगेच नंतर काय झालं. 'मस्ती केली' असं लिहू नका, 'शेजाऱ्याच्या दंडाला चिमटा काढला' असं लिहा. 'त्याचा मूड नव्हता' हे पहिल्या रकान्यात चालणार नाही, कारण मूड तुम्हाला दिसलेला नाही. जे डोळ्यांना दिसलं आणि कानांना ऐकू आलं तेवढंच. जॉन वॉटसनने १९१३ मध्ये वर्तनवादाची भूमिका मांडली तेव्हा त्याचा आग्रह हाच होता, की मनाच्या आतल्या गोष्टींविषयी अंदाज बांधणं सोडा, दिसणारं वर्तन मोजा. मानसशास्त्र म्हणून ती भूमिका अपुरी ठरली, त्याबद्दल पुढे सांगतो. पण शिक्षकाच्या नोंदवहीसाठी तो आग्रह आजही जसाच्या तसा बरोबर आहे.

माझ्या वर्गात तिसरीला असाच एक मुलगा होता. सहकारी म्हणायचे, "त्याचे मायबाप वावरात, पोट्टं मोकाट, तुम्ही काय करणार?" मी नऊ दिवस नोंदी केल्या. दहाव्या दिवशी पान समोर धरलं तर भाषेच्या तासाला एकही नोंद नव्हती. गणितातही बेरजेला नव्हती, बिनहातच्याच्या वजाबाकीला नव्हती. सगळ्या नोंदी हातच्याच्या वजाबाकीच्या होत्या, आणि त्याही फळ्यावर उदाहरण लिहिल्यापासून पहिल्या दोन-तीन मिनिटांतल्या. ज्याला आम्ही 'मोकाट' म्हणत होतो तो दिवसाचे साडेपाच तास व्यवस्थित बसत होता. त्याला एका जागी ठेच लागत होती आणि ती जागा आम्ही कधी बघितलीच नव्हती. घरची परिस्थिती तर शेजारच्या बाकावरच्या मुलाचीही तीच होती.

कारण सापडलं की उपाय निम्मा हातात येतो. चिमट्याकडे दुर्लक्ष करा असा सल्ला तुम्हाला कुणी देईल; तो ऐकू नका, कारण दुसऱ्या मुलाला इजा होते. फक्त चिमट्याने वजाबाकी टळू द्यायची नाही. जागा बदला, दोन शब्दांत थांबवा, आणि त्याच्यासमोर त्याच वजाबाकीचा सोपा तुकडा ठेवा. काम लहान झालं तरी चालेल, गायब होता कामा नये. दुसरं, मदत मागायची त्याला एक सोपी खूण द्या. माझ्याकडे 'पाटी उलटी ठेवायची' अशी खूण होती. पाटी उलटी दिसली की मी शक्य तितक्या लवकर त्याच्याजवळ जायचो, सुरुवातीला तर हातातलं काम टाकून जायचो. कारण चिमट्याने जे मिळत होतं, म्हणजे त्या अडचणीतून सुटका, ते आता पाटी उलटी केल्याने मिळायला हवं, आणि चिमट्यापेक्षा लवकर मिळायला हवं. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरंड या अमेरिकी संशोधकांनी १९८५ मध्ये हेच दाखवलं होतं: त्रासदायक वर्तन ज्या कारणासाठी होतं, त्याच कारणासाठी मुलाला बोलून किंवा खुणेने मागायला शिकवलं की ते वर्तन कमी होतं. मी हा अभ्यास फार उशिरा वाचला. तोवर पाटीची खूण माझ्या वर्गात रुळली होती.

आणि तो सोपा तुकडा कसा करायचा, यासाठी कास्तकाराकडे बघा. नवा गोऱ्हा कामाला लावताना कोणी त्याला पहिल्याच दिवशी भरली बंडी ओढायला लावत नाही. आधी वेसणीची सवय. मग जू नुसतं खांद्यावर, थोडा वेळ. मग जाणत्या, शांत बैलाच्या जोडीला लावून रिकामं चालवायचं. मग मऊ जमिनीत हलका ओंडका. रोज थोडंसं, आणि गोऱ्हा बिथरायच्या आत सोडायचं, मानेखाली खाजवायचं, कुटार टाकायचं. स्किनरने कबुतरांना शिकवताना वापरलेली 'घडण' म्हणजे नेमकी हीच रीत. अंतिम कृती होईपर्यंत वाट बघत बसायचं नाही. त्या दिशेने पडलेल्या प्रत्येक लहान पावलाला लगेच प्रतिसाद द्यायचा, आणि ते पाऊल पक्कं झालं की अपेक्षा किंचित वाढवायची.

मी त्या मुलासाठी वजाबाकी अशी फोडली: पहिल्या दिवशी तुराट्यांच्या बारीक काड्यांचे दहा-दहाचे जुडगे बांधायचे आणि सोडायचे, बस. वजाबाकी नाहीच. दुसऱ्या दिवशी पाच जुडगे आणि दोन सुट्या काड्या दिल्या आणि "मला सात दे" म्हटलं. त्याने दोन दिल्या, थांबला, माझ्याकडे बघितलं. मी काही बोललो नाही. त्याने एका जुडग्याचा दोरा सोडला. तो दोरा सुटला त्या क्षणी मी "हां, बरोबर!" म्हणालो. वजाबाकी अजून व्हायची होती, उत्तर यायचं होतं, पण मला हवं होतं ते पाऊल पडलं होतं आणि शाबासकी त्या पावलाची होती. तुमच्याकडे आठवड्याला असे दोन-तीन क्षण जरी हाती लागले तरी पुरे आहेत. 'छान', 'गुड' असं दिवसभर पेरत राहिल्याने मुलाला आपण नेमकं काय बरोबर केलं ते कळत नाही.

शाबासकी लगेच हवी, यावर मी अडून बसतो. १९५३ मध्ये स्किनर आपल्या मुलीच्या शाळेत गणिताचा तास बघायला गेला होता. मुलं फळ्यावरची उदाहरणं सोडवत होती, काही संपवून चुळबुळ करत होती, काही अडकून बसली होती, आणि उत्तर बरोबर की चूक हे सगळ्यांना दुसऱ्या दिवशी वही परत आल्यावर कळणार होतं. तिथून त्याने शिकवण्याचं यंत्र बनवायला घेतलं, ज्यात लहान प्रश्न, लगेच उत्तराचा पडताळा, आणि ज्याने त्याने आपल्या गतीने पुढे जाणं असं होतं. आपल्याकडे वह्यांचा गठ्ठा दोन-दोन दिवस टेबलावर असतो. मी यंत्राऐवजी जुन्या लग्नपत्रिका वापरल्या. कोऱ्या बाजूला वरच्या अर्ध्यात उदाहरण, खालच्या अर्ध्यात उत्तर, आणि उत्तराची बाजू दुमडलेली. मूल सोडवतं, दुमड उघडतं, बघतं. जोडवर्गात एका इयत्तेला शिकवताना दुसरीला हे पत्ते दिले की दोन्हीकडे काम चालतं. लग्नाचा हंगाम संपला की गावातून पिशवीभर पत्रिका मिळतात.

याच कारणाने शासनाचा उपस्थिती भत्ता मला कायम अधुरा वाटत आला. पहिली ते चौथीच्या ठरावीक गटांतल्या मुलींना हजेरीसाठी दिवसाला १ रुपया, वर्षाला जास्तीत जास्त २२० रुपये. हेतू चांगला. पण आजच्या हजेरीचा रुपया कित्येक महिन्यांनी हाती येणार असेल, तर सात वर्षांच्या मुलीसाठी त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध उरत नाही. तिला शाळेत खरं आणत होती ती त्याच दुपारी ताटात पडणारी खिचडी.

खिचडीवरून पावलॉव्हकडे येतो. इव्हान पावलॉव्ह हा शरीरशास्त्रज्ञ, १९०४ चं नोबेल त्याला पचनसंस्थेवरच्या कामासाठी मिळालं. कुत्र्याच्या तोंडात अन्न पडण्याआधीच, नुसती अन्न आणणाऱ्या माणसाची चाहूल लागली तरी लाळ सुटते, हे त्याच्या ध्यानात आलं आणि अभिजात अभिसंधान, म्हणजे एका गोष्टीचा प्रतिसाद तिच्यासोबत येणाऱ्या दुसऱ्या गोष्टीला जोडला जाणं, तिथून सुरू झालं. तुमच्या शाळेत हे रोज घडतं: ताटांचा खणखणाट ऐकू आला की घंटेआधीच मुलांच्या माना दाराकडे वळतात. पण वर्गात याचा खरा संबंध लाळेशी नाही, भीतीशी आहे. आणि इथे मला माझी एक गोष्ट सांगायची आहे.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या हातात छडी असायची. दुसरीतली एक मुलगी वाचताना जोडाक्षराला अडली. मी छडी तिच्या समोरच्या पुस्तकावर जोरात आपटली. तिला मारलं नव्हतं, पुस्तकावरच आपटली. ती दचकली, पुस्तक हातातून पडलं, सगळा वर्ग हसला. त्यानंतर पुस्तक उघडलं की तिचा आवाज बसायचा. आधी माझ्या तासाला, मग दुसऱ्या गुरुजींच्या तासाला, मग घरी मोठ्या भावाने वाचायला बसवलं तरी. वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी १९२० मध्ये अकरा महिन्यांच्या एका बाळावर, अल्बर्टवर, केलेला प्रयोग मी त्याआधी परीक्षेत लिहिला होता. बाळासमोर पांढरा उंदीर ठेवायचा आणि त्याने हात लावला की मागे लोखंडी कांबीवर हातोडा मारायचा. थोड्याच वेळा हे केल्यावर बाळ नुसत्या उंदराला बघून रडायला लागलं, आणि ती भीती सशावर, कुत्र्यावर, केसाळ कोटावरही पसरली. त्या बाळाची भीती काढून न टाकताच प्रयोग संपला. तो प्रयोग क्रूर होता असं मी उत्तरपत्रिकेत लिहिलं होतं, आणि तोच प्रयोग मी माझ्या वर्गात एका मुलीवर केला. फक्त हातोड्याच्या जागी छडी होती आणि उंदराच्या जागी बालभारतीचं पुस्तक.

भीती जशी शिकता येते तशी ती उतरवताही येते. मेरी कव्हर जोन्सने १९२४ मध्ये पीटर नावाच्या, सशाला घाबरणाऱ्या लहान मुलाबाबत ते करून दाखवलं. पीटर आवडीचं खात असताना ससा खोलीच्या दूरच्या टोकाला आणायचा, आणि दिवसागणिक थोडा थोडा जवळ. शेवटी पीटर सशाला हात लावून खेळायला लागला. त्या मुलीच्या बाबतीत मी पुस्तक पूर्णपणे बाजूला ठेवलं. तान्हा पोळा जवळ आला होता. तिच्या बापाची दोन बैलं होती, तिचा त्यांच्यावर भारी जीव. मी पुठ्ठ्याच्या लहान पट्ट्यांवर वर्गातल्या सगळ्यांच्या बैलांची नावं लिहिली आणि "आपापल्या लाकडी बैलाला बांधा" म्हणून मधोमध ठेवली. ती ओणवी होऊन शोधत होती. 'सर्ज्या' सापडलं तेव्हा ती मोठ्याने वाचली. जोडाक्षर होतं ते, मी मुद्दाम बदललं नव्हतं. पुढचे काही आठवडे पट्ट्या, मग फळ्यावर दोन शब्द, मग हाताने शिवलेली चार पानांची वही, आणि पुस्तक दिवाळीनंतर. छडी मी त्या पोळ्याआधीच शाळेच्या चुलीत घातली. आता तर शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे. पण कायदा नसता तरी हिशेब तोच राहिला असता: शिक्षेने मुलाला काय करू नये एवढंच कळतं, तेही शिक्षक समोर असेपर्यंत, आणि भीती मात्र शिक्षकाला, पुस्तकाला, शाळेच्या फाटकाला चिकटते. थॉर्नडाइकने स्वतः १९३० च्या दशकात आपला नियम दुरुस्त केला, की समाधानाने कृती जितकी पक्की होते तितकी त्रासाने ती पुसली जात नाही.

आता चॉकलेट. १९७३ मध्ये मार्क लेपर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या, चित्रं काढायला मनापासून आवडणाऱ्या मुलांचे तीन गट केले. एका गटाला आधीच सांगितलं, चित्र काढलंत की रिबिनीचं प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला काही न सांगता नंतर अचानक तेच दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. काही दिवसांनी मोकळ्या वेळात बघितलं तर पहिल्या गटाची मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड कमी झालेली नव्हती. म्हणजे जे काम मूल आपणहून करतं त्याला आगाऊ किंमत लावू नये. तुमच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांना गणित आवडत होतं. त्यांनाही तुम्ही चॉकलेटच्या हिशेबात ओढलं. ज्याला काम सुरूच करता येत नाही त्याला सुरुवातीला लहानसं बक्षीस द्यायला हरकत नाही, पण त्याला एकट्याला, थोडे दिवस, आणि काढून घ्यायचं कसं हे आधीच ठरवून.

बंद करताना मुलांना स्पष्ट सांगा: या शनिवारनंतर चॉकलेट नाही. लपवून कमी करत गेलात तर ती रोज विचारत राहतील. पुढचा आठवडा वाईट जाईल. बक्षीस थांबलं की वर्तन ओसरण्याआधी बऱ्याचदा उसळी मारतं. मुलं जास्त विचारतील, एखादं रुसून बसेल. त्या आठवड्यात एकदाही मोडू नका. पाचदा नाही म्हणून सहाव्यांदा दिलंत, तर सहा वेळा मागायचं असतं हे शिकवून बसाल. कधी मिळेल याचा नेम नसलेलं बक्षीस वर्तन सर्वांत चिवट करतं, हे स्किनर आणि चार्ल्स फर्स्टरने १९५७ मध्ये कबुतरांच्या हजारो तासांच्या नोंदींतून दाखवलं. बाजाराच्या दिवशी मोबाइलसाठी रस्त्यात लोळण घेणाऱ्या नातवाला आजी अधूनमधून देते, आणि म्हणूनच तो लोळणं सोडत नाही. चॉकलेटच्या जागी डेव्हिड प्रीमॅकचा नियम वापरा, जो प्रत्येक आईला माहीत असतो: आधी भाकर, मग खेळ. पाच पत्ते सोडवले की दहा मिनिटं लगोरी. वेगळा पैसा नाही, आणि खेळ तसाही द्यायचाच होता.

वर्तनवादाची हद्दही सांगायला हवी, नाहीतर तुम्ही तो सगळीकडे लावायला जाल. मूल भाषा शिकतं ती प्रबलनाने, असं स्किनरने १९५७ मध्ये मांडलं आणि भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्कीने १९५९ मध्ये त्याचं सडकून परीक्षण केलं. मूल भाषेचे नियम आतून घडवतं ही चॉम्स्कीची बाजू आपल्या अंगणवाडीतही ऐकू येते. 'बसला, उठला' ऐकलेलं मूल 'मी करलं' म्हणतं. 'करलं' त्याला कोणी शिकवलेलं नाही, त्यावर कोणी शाबासकी दिलेली नाही. त्याने आतल्या आत नियम काढला आणि लावून बघितला. ही चूक म्हणजे बुद्धीचं काम आहे, तिला चूक समजून तिचं 'विलोपन' करायला, म्हणजे प्रतिसाद न देऊन ती विझवायला, जाऊ नका. कोलामी किंवा बंजारा घरांतून आलेली मुलं तुमच्या वर्गात असतील तर हे आणखी जपा. तिथे मुलाचं गप्प बसणं म्हणजे वर्तनसमस्या नसते, बहुतेकदा त्याला आपली मराठी कळलेली नसते. तसंच एडवर्ड टोलमनचे उंदीर: त्यांना भूलभुलैयात दहा दिवस काहीच बक्षीस नव्हतं, नुसते फिरत होते, खाऊ ठेवल्याबरोबर त्यांनी रस्ता दाखवून दिला. शिकणं झालेलं होतं, दिसत नव्हतं. म्हणून गप्प मुलाला 'काही येत नाही' असा शेरा नोंदवहीत लिहू नका.

आणि गैरहजेरी. सोयाबीनची सोंगणी लागली, कापूस फुटला, की तुमचा वर्ग अर्धा होईल. मोठी बहीण धाकट्याला सांभाळायला घरी राहील, आई-बाप वेचायला जातील. त्यावर तारे, बिल्ले, टाळ्या यांचा काही उपयोग नाही. ती मुलीची सवय नाही, घराची गरज आहे. धाकट्याला बरोबर घेऊन ये, एवढं म्हणायची तयारी ठेवा. माझ्या वर्गात वेचणीच्या दिवसांत दोन-तीन धाकटी कोपऱ्यातल्या सतरंजीवर झोपलेली असायची, आणि त्यांच्या बहिणी वर्गात बसलेल्या असायच्या.

तो वजाबाकीचा मुलगा काड्यांवरून पाटीवर यायला साधारण तीन आठवडे लागले. पाटी उलटी ठेवणं हळूहळू आपोआप कमी झालं, मी ते बंद कर म्हणालो नव्हतो. मी त्याला बक्षीस असं काही दिलं नाही. कापसाचे दिवस होते. त्याची आई किलोवर वेचायला जायची आणि हप्त्याच्या शेवटी चुकारा व्हायचा, त्यातून आधी घेतलेली उचल कापली जायची. एका सोमवारी तो प्रार्थनेच्या आधीच पाटी घेऊन माझ्या खुर्चीजवळ उभा होता. पाटीवर तीन आकडी वजाबाकी होती, हातचे दोन ठिकाणी, खडूने गोल करून दाखवलेले.

"सर, मायले मालकानं वीस रुपये कमी देल्ले व्हते," तो म्हणाला. "मी मांडून दाखोलं. त्यानं देल्ले."